न खरवडलेली दीड वीत

नावेच्या फटींतली जुनी राळ काढणं हे बायकांचं काम नव्हे आणि शेतकऱ्यांचं तर मुळीच नव्हे. तरी ते आमच्या घरातल्या दोन सुनांवर आलं, कारण त्या वर्षी कामाला माणूसच मिळत नव्हता. विलायतेला कापूस हवा होता. का हवा होता ते आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की वर्धेच्या काठचा जो तो गडी एकतर गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजाराला गेलेला, नाहीतर आगगाडीच्या रस्त्यावर माती टाकायला.

आमचं गाव कौंडण्यपुरापासून दोन कोसांवर, नदीच्या अलीकडच्या काठाला. पलीकडे आर्वीकडचा मुलूख. तिकडचा कापूस अमरावतीला यायचा तर मधे आमचा डोह आडवा, आणि पायी ओलांडायचा उतार तीन कोस वर. सासऱ्यांनी हे हेरलं आणि कुठूनशी एक जुनी नाव विकत आणली. घरातल्या सगळ्या पिढ्या काळ्या रानात गेलेल्या; पाण्याशी आमचा संबंध बैल धुण्यापुरता. म्हणून नाव चालवायला एक म्हातारा भोई ठेवला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. माणूस तो आवाजावरून ओळखायचा, पण नदीत त्याचा बांबू कधी चुकत नसे.

वैशाखात नाव काठावर ओढून पालथी घातली आणि भोयाने आम्हा दोघींना काम समजावलं. थोरली जाऊ आणि मी. ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, हळू, आणि ऐकून घेणारी. मी चटपटीत, आणि मला ते माहीत होतं.

फळीफळीतली फट बुजवतात ती अशी: कापसाचा किंवा अंबाडीचा पीळ फटीत कोंबायचा आणि वरून लुकण भरायचं. लुकण म्हणजे राळ वितळवून त्यात जवसाचं तेल आणि चिमूटभर चुना. पण त्याआधी जुनं लुकण काढायचं, आणि खरं काम तेच. पेटती गोवरी चिमट्यात धरून फटीजवळ न्यायची, लाकूड काळं पडू द्यायचं नाही. राळ घामेजली की खुरप्याच्या टोकाने उचलायची, लाकडाच्या रेषेच्या अंगाने, आडवी कधीच नाही. उरलेला चिकटा कोमट तेलाने पुसायचा. मग ते तेलही राहता कामा नये, म्हणून राखेच्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात सोडायचं. हात असे चिकटतात की भाकरीचं पीठ बोटांना सोडत नाही.

"समदं जुनं काढा, बाई," भोई म्हणाला. "लाकूड दिसलं पायजे. जुन्यावर नवं बसत नाई."

"कणगीवर बसते ना, बाबा," मी म्हणाले.

"कणगी पोहते काय वं?"

जाऊ इतकी हसली की तिच्या हातातली गोवरी पडली.

पण मी थट्टा करत नव्हते. आम्ही शेतकऱ्यांच्या बायका. धान्याची कणगी दरवर्षी शेणमातीने लिंपायची, जुन्या थरावर नवा थर. दहा वर्षांची कणगी एका वर्षाच्या कणगीहून भक्कम. भिंतीचं तेच, चुलीचं तेच. थर चढला की वस्तू टिकते, हे आमच्या हातांना लहानपणापासून ठाऊक. जुना थर तासून काढा म्हणणारा माणूस मला वेडा वाटला, आणि आंधळा तर तो होताच.

नावेच्या डाव्या अंगाला मी, उजव्या अंगाला ती. मधे पालथी नाव, त्यामुळे एकमेकींची तोंडं दिसत नसत. फळ्यांतून आवाज मात्र स्वच्छ यायचा.

"अवं, तू नाव साफ करून राहिली का तिची वेणी घालून राहिली?" मी ओरडायची. माझ्या तीन फटी झाल्या की तिची एक व्हायची.

"तू लवकर कर. तुह्या बाजूनं बुडाली तर मी माह्या बाजूनं बसून राहीन."

पिळासाठी कापूस मागितला तर सासरे खेकसले, एवढ्या भावाचा माल फटीत कोंबता काय म्हणून. अंबाडी दिली ती तोकडी. मी होती तेवढ्यात भागवलं. जाऊने घरात जाऊन स्वतःची उशी उसवली आणि त्यातला कापूस आणला.

माझ्या अंगाला, नावेच्या नाकाजवळ, पुढच्या टोकाला, दोन फळ्या जिथे वळून मिळतात तिथे आतून लोखंडी पट्टी होती आणि बाहेर जुनं लुकण दगडासारखं बसलेलं. खुरपं तिथे वळत नव्हतं. जागा नावेच्या काठाच्या जवळ, म्हणजे नाव पाण्यात असली की ती वर कोरडी राहणार. दीड वीत असेल. डोक्यावर ऊन आलं होतं, घरी भाकरी टाकायच्या होत्या. मी तेवढं सोडलं आणि त्यावरच नवं लुकण ओढलं. ओल्या अंगठ्याने असं सारखं केलं की जोड कुठे आहे ते मलाही दिसेना. माझ्या अंगठ्याचं गावात नाव होतं. कोणाच्या घरी लग्नाआधी ओटा सारवायचा असला की मला बोलवायचे.

चौथ्या दिवशी भोई आला आणि नावेवरून तळवा फिरवत गेला. जाऊच्या अंगाला थांबून म्हणाला, "हे खरबरीत लागते." माझ्या अंगाला शेवटपर्यंत हात नेला, नाकाशी एकदा मागे आणला, पुन्हा पुढे नेला. "धाकल्या बाईचा हात चांगला हाये," म्हणाला.

पावसाळाभर नाव चालली. ओझं नव्हतं, माणसं आणि बाजारहाट तेवढा. कार्तिकातली जत्रा उरकली, पलीकडे पहिली वेचणी झाली आणि बोजे यायला लागले. जाऊ दिवाळीला माहेरी गेली होती, तिचं माहेर पलीकडे. ती परतली ती बोज्यांबरोबरच. नावेत भोई, ती आणि कापूस. दुपारची वेळ. मी घाटावर धुणं धूत होते.

नाव डोहाच्या मधाशी आली तेव्हा तिने हाक मारली, "धाकटे, भाकरी टाकली काय?"

"तुह्यासाठीच थांबली," मी म्हणाले, आणि लुगडं पिळायला खाली वाकले. वर पाहिलं तेव्हा नाव बसत होती. उलटली नाही, कलंडली नाही. म्हैस पाण्यात बसते तशी बसली. मी आवाजाची वाट पाहिली. तो आलाच नाही. बोजे थोडा वेळ वर दिसले, मग तेही जड होऊन गेले. भोई बऱ्याच वेळाने खालच्या अंगाला पाण्यातून वर निघाला. त्याच्या मुठीत तिचा पदर होता. पदरच तेवढा.

तीन दिवस शोधलं. ती सापडली नाही. दर्भाची बाहुली करून तिचं सगळं केलं.

भोई सांगत होता की तळाशी पाणी वाजलं नाही, पायाला लागलं नाही, नाव आपोआप जड होत गेली. ते कोणी ऐकून घेतलं नाही. कापूस पाणी पितो, हे कापसाच्या मुलखात कोणाला सांगायला नको होतं. पण लोकांना सोपं उत्तर हवं होतं आणि ते समोर उभं होतं, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. आंधळ्याने ज्यादा बोजे भरले, असं ठरलं. सासऱ्यांनी त्याला घाटावर यायची बंदी केली. दुसऱ्या घाटांवरही त्याच्या हातात कोणी बांबू देईना. तो नदीपासून लांब, गावाच्या वरच्या टोकाला झोपडीत बसून राही. भोई माणूस नदीकडे पाठ करून बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

मला ती दीड वीत आठवत होती. भरली नाव खाली बसते, आणि खाली बसली की काठाजवळची फट पाण्यात जाते, एवढा हिशेब मला त्याच संध्याकाळी झाला. मी काही बोलले नाही. कदाचित तिथून नसेल, असं स्वतःला सांगत चार महिने काढले.

ते चार महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. मी भुताखेतांना मानणारी बाई नाही. पण दुपारी घाटावर गेलं की डोहाच्या मधून "धाकटे" असं यायचं. मी धुणं ठेवून कान द्यायची. एकदा टिटवी निघाली. एकदा पलीकडच्या काठावर कोणी बैलाला हाक देत होता. प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं, आणि त्याने काही फरक पडत नसे, कारण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा यायचं आणि मी पुन्हा भाकरीचं उत्तर द्यायला तोंड उघडायची. घरात तिची उशी तशीच होती, निम्मी रिकामी. सासूबाई ती कोणाला घेऊ देत नसत.

चैत्रात पाणी उतरलं तेव्हा नाव खालच्या खडकांना अडकलेली दिसली. चार बैलजोड्या लावून वर ओढली, धुतली, पालथी घातली. पलीकडे कापूस पडून होता, सासऱ्यांना नाव हवीच होती. पण तिला हात लावायला गावात कोणी तयार होईना.

"मी करतो," मी म्हणाले. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात.

"धाकलीचं काळीज दगडाचं हाये," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, मला ऐकू जाईल अशा. काळजाचं काही नव्हतं. ती फट माझ्याआधी दुसऱ्या कोणी उघडू नये, एवढंच होतं.

तरी सुरुवात मी जाऊच्या अंगाने केली. माझ्या अंगाला जायचं धाडस नव्हतं, हे आता लिहायला हरकत नाही.

तिचं लुकण निघता निघेना. सहा महिने पाण्यात, चार महिने गाळात राहूनही ते लाकडाला धरून होतं. गोवरी धरली, पुन्हा धरली, कोमट तेल चोळलं, नखाएवढा तुकडा निघाला. खाली लाकूड स्वच्छ, कोरं. तिने खरंच सगळं जुनं काढलं होतं, कानाकोपऱ्यातून. फटीतला पीळ ओढला तर उशीचा तो पिवळट कापूस आला आणि त्यात तिचे केस. लांब, एक-दोन नव्हे, वर्षानुवर्षं त्या उशीला लागलेले. राळेत अडकून ते चकचकीत झाले होते. मी ते वेगळे करायला बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. बोटांचा चिकटा आणि केस, एकमेकांना सोडीनात. शेवटी हातच राखेत खुपसले.

पालथी नाव म्हणजे ढोल. इकडे खरवडलं की तिकडे आवाज होतो, हे मला आदल्या वर्षापासून माहीत होतं. मी खुरपं ओढलं की पलीकडच्या अंगाला कोणीतरी खुरपं ओढायचं. मी थांबले की थांबायचं. दोन दिवस मी त्याकडे लक्ष दिलं नाही. तिसऱ्या दिवशी मी खुरपं उचललं आणि पलीकडचं खरवडणं अर्धं उरलं होतं ते पुरं झालं. हळू, तिच्या चालीने.

मी उठून नावेला वळसा घातला. तिथे कोणी नव्हतं. माझीच बाजू होती. मग म्हटलं, आलोच आहोत तर इथेच बसावं.

नाकाजवळ गोवरी न्यायची वेळच आली नाही. खुरप्याचं टोक लावलं आणि दीड वीत लुकणाची पट्टी एका तुकड्यात उचलून आली, सापाच्या कातीसारखी. तिच्या खालची बाजू गुळगुळीत होती. ती निघाली तिथे फटीवर जुनं लुकण, काळं, तेलकट, माझ्या ओळखीचं. दोन्हींच्या मधे बारीक गाळाची रेघ, फटीपर्यंत आणि फटीतून आत गेलेली. पाणी त्या वाटेने किती वेळ जात होतं ते तिथे लिहिल्यासारखं होतं. बाकी सबंध नावेत एकाही फटीत आतून गाळ नव्हता. मी एकूण एक पाहिल्या.

माझं काम जुनं काढायचंच होतं. गोवरी जळत होती, पट्टी विस्तवात टाकली असती तर क्षणात वितळली असती, आणि रेघ दोन हातांत पुसली गेली असती. कोणी मला काही विचारलंही नसतं. मी खुरपं खाली ठेवलं. पलीकडच्या अंगाला अगदी शांत होतं.

पट्टी पदरात घेऊन मी सासऱ्यांपुढे गेले आणि जे होतं ते सांगितलं. त्यांनी ती हातात उलटी-सुलटी केली. त्यांना कळलं, शेतकरी असले तरी मूर्ख नव्हते.

"बोल भोयाले लागला हाये," ते म्हणाले. "लागून गेला तो. आता घराले काहून लावतं?"

"भोयाची चूक नव्हती, मामाजी."

"थोरल्याले काय सांगू मग? तुही बायको धाकलीनं बुडवली म्हणून?" त्यांनी पट्टी चुलीत टाकली. तिने जोराने पेट घेतला आणि घरभर राळेचा वास झाला.

मी तशीच वरच्या टोकाला गेले. भोई झोपडीच्या दारात बसला होता. माझ्या पायांचा आवाज ओळखून सरसावून बसला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं.

"दीड वीत?" शेवटी त्याने विचारलं.

"हो."

"नाकापाशी. तिथं माहा हात थांबला होता." तळवा त्याने हवेत पुढे नेला, मागे आणला. "जागा अवघळ, आन लागली सगळ्याइहून गुळगुळीत. मनात आलं का खुरप्याचं टोक लावून पाहावं. मंग म्हटलं, एवढं साजरं काम कोन कायले मोडते."

मला वाटत होतं माझी चूक आळसाची होती. ती आळसाची असती तर त्याने पकडली असती.

"मले सांगून काय करतं, बाई? म्या ज्यादा बोजे भरले नाई, हे मले माहीत होतं. त्याईले सांग."

नाव पाण्यात उतरवायच्या दिवशी घाटावर माणसं जमली होती, गाडीवान, गावकरी, आमच्या घरचे सगळे. सासऱ्यांनी नारळ हातात घेतला तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं. मोठ्याने सांगितलं, कारण हळू सांगून पुन्हा सांगायला लागलं असतं तर जमलं नसतं. फट कोणती, जुनं कोणी सोडलं, नवं कोणी ओढलं. कापसाने पाणी पिऊन नाव जड केली, भोयाने नव्हे.

कोणी ओरडलं नाही. एक गाडीवान म्हणाला, "बाई मानूस, तिले काय समजते," आणि त्याचं ते माझी बाजू घेणं मला सगळ्यात झोंबलं. थोरल्या दिरांनी डोक्याचं पागोटं काढलं, हातात धरलं, पुन्हा घातलं. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. रागाचा एक शब्द नाही, फक्त ताट सासूबाईंकडून घ्यायचे. दोन वर्षं हे पाहिलं आणि मग माझ्या नवऱ्यानेच वेगळं व्हायचं काढलं. आम्ही अकोल्याला आलो ते असे. लिहायला मी इथेच शिकले, मुलगा शाळेत जायला लागल्यावर, त्याच्या पाटीवर.

पण त्या दिवशी घाटावर सासऱ्यांनी भोयाला बोलावणं पाठवलं. लोकांसमोर झालं होतं, दुसरा मार्ग नव्हता. भोई आला, नावेवरून हात फिरवला. नाकाशी थांबला. कंबरेची सुरी काढून टोक लावलं, दाबलं, ओढलं. या वेळी ते खरबरीत होतं. लुकण हललं नाही.

"चालन," तो म्हणाला. "पर फटी भरणारानं पयल्या खेपेले बसा लागते. आमच्यात तसंच हाये. मांगल्या वर्षी बाया म्हणून म्या म्हटलं नाई."

सासूबाई म्हणाल्या, "जाऊ नको." नाव बुडाल्यापासून त्या माझ्याशी पहिल्यांदा सरळ बोलल्या.

मी बसले. सासऱ्यांनी परतीच्या खेपेएवढं ओझं व्हावं म्हणून दगड भरायला लावले होते, नाव काठापर्यंत खाली गेली होती. भोयाने सांगितलं तसा मी आतून, लोखंडी पट्टीच्या बाजूला, त्या दीड वितीच्या जागेवर तळवा ठेवला. बोटभर फळी आणि तिच्या पलीकडे नदी. लाकूड गार पडत गेलं तसं कळलं की आता ती फट पाण्याखाली गेली. हात कोरडा होता.

डोहाच्या मधाशी फळीला बाहेरून काहीतरी घासलं. माझ्या तळव्याखालीच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लाकडाच्या रेषेच्या अंगाने. तिथे झाडाच्या फांद्या बुडालेल्या असतात.

"काय लागलं?" भोयाने विचारलं. बांबू त्याने उचलून धरला होता.

"पाणी नाही आलं," मी म्हणाले.

"थे नाई इचारलं."

मी हात काढला नाही. त्याने बांबू पुन्हा पाण्यात टेकवला. पलीकडचा काठ लागेपर्यंत मी तळवा तिथेच दाबून धरला होता, इतका, की उतरताना बोटं सरळ होत नव्हती.